टेकाडावर न चढलेलं पाणी

घरी हे कोणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आरमोरीला माझी धाकटी बहीण आहे, मी तिच्यापाशी सगळं बोलते अशी तिची समजूत आहे — तिलाही नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की इतकी वर्षं आत दाबून ठेवायचं बळ आता उरलं नाही म्हणून? नक्की सांगता येत नाही. मध्ये मध्ये अडखळेन, तेवढं खरं.

मी नगर परिषदेत पाणीपुरवठ्याची इंजिनियर होते. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या कोणालाही मारोतीभाऊ कोण ते लगेच कळेल. म्हणजे हे लिहितानाही मी काहीतरी लपवतेच आहे — मला दिसतं आहे ते.

कोणाला वाटेल, पैशाची भानगड असणार. नाही. पैशाचा काही संबंध नव्हता. असता तर निदान समजायला सोपं गेलं असतं.

गाव तेव्हा वाढत होतं. माजरीकडून खाणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले लोक प्लॉट घेऊन घरं बांधत होते. खेड्यातली कापूस-सोयाबीनवाली घरं मुलांच्या शिक्षणासाठी इकडे खोल्या करून राहू लागली होती. जुनी टाकी कधीच पुरेनाशी झाली होती. एक दिवसाआड पाणी, तेही बायकांनी नळापाशी हातघाईवर येऊन भरायचं. तेव्हा नवी योजना करायची ठरली आणि ती माझ्याकडे आली. पुढच्या कित्येक वर्षांत गाव कुठपर्यंत पसरेल, माणसं किती होतील, त्यांना पाणी किती लागेल, ते साठवायचं कुठे, किती उंचावर — हे सगळं मी ठरवायचं होतं. माझं स्वतःचं असं ते पहिलं काम. केवढा आनंद झाला होता मला!

टाकीसाठी पाण्याचं गणित तसं साधं असतं. टाकी उंचावर, घरं खाली. जितकं घर खाली तितकं नळाला पाणी जोरात. म्हणून आधी गावातल्या जमिनीचे चढउतार मोजून घ्यायचे. दुर्बीण लावायची, समोर माणूस उभी पट्टी धरून थांबतो, आकडा वाचायचा, पुढे सरकायचं. मी ते सगळं गाव मोजलं. बाजार, तहसील, बसस्थानकामागची वस्ती, नाल्यापलीकडचे नवे प्लॉट. मन लावून मोजलं — हे खोटं नाही.

फक्त टेकाड राहिलं.

नाल्याच्या पुलापुढे रस्ता चढायला लागतो. तिथे मुरमाड टेकाड होतं, मोहाची आणि पळसाची झाडं, आणि जिवतीच्या डोंगरातून मजुरीला आलेल्या लोकांच्या काही झोपड्या. उन्हाळा होता. पण ऊन काही नवीन नव्हतं मला, आरमोरीची मी. खरं सांगते — दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचं लग्न होतं. संध्याकाळची बस धरायची होती. मन सगळं तिकडे. मी पुलापर्यंतचं मोजलं, वर बघितलं आणि स्वतःशी म्हणाले, इथे कोण येणार आहे राहायला? पट्टीवाल्या माणसांना सांगितलं, गुंडाळा. वरच्या जमिनीची उंची मी अंदाजाने टाकली. परत आल्यावर मोजू, असंही मनात म्हटलं होतं बहुतेक. परत आल्यावर कोण गेलं?

इथपर्यंत आळस होता. आळसाला कबुली कशाला लागते? आळस कोणाकडून होत नाही?

पण नंतर योजना सभेत मांडली. गावाच्या मधोमध, तहसीलजवळच्या मोकळ्या जागेत एक मोठी टाकी — साऱ्या गावाला पुरेल अशी. नकाशा फार देखणा झाला होता. सभेत एक म्हातारे सदस्य होते, कापसाचे शेतकरी, कमी बोलणारे. ते उठले. म्हणाले, "मॅडम, टेकाडाकडं प्लॉट पडून राह्यले. तिथी लोकं वाढतीन. चढंल का पानी तिथी? नाईतर एक लहान टाकी टेकाडावरच करा म्हनतो मी."

मी म्हणाले, "चढेल."

"मोजलं नं?"

आणि मी म्हणाले, "मोजलं."

तेवढा एक शब्द. तो म्हणायच्या आधी मला विचार करायला वेळ मिळाला नव्हता असं नाही. मिळाला होता. समोर सगळे पुरुष बसले होते. बाई माणूस, हिला टाकी-बिकी काय समजणार, असं हसू मी त्यातल्या काहींच्या तोंडावर आल्या दिवसापासून बघत होते. "मोजायचं राहिलं, आठ दिवस द्या" असं त्यांच्यापुढे म्हणायचं? मला ते जमलं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आले. पण त्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर ते हसू नव्हतं. त्यांनी विश्वासाने विचारलं होतं. आणि उत्तर ऐकून ते समाधानाने खाली बसले.

टाकी झाली. तिच्यावर रोषणाई झाली, नारळ फुटले. खालच्या गावाला दोन्ही वेळा पाणी मिळू लागलं आणि लोक मला रस्त्यात थांबवून बरं बोलायचे. टेकाडावर मात्र — मी म्हटलं होतं ना, इथे कोण येणार? सगळेच आले. टाकी बांधून होईपर्यंत टेकाड भरून गेलं होतं. गल्ल्या पडल्या, बुद्धविहार झालं, किराण्याची दुकानं झाली. आणि पाणी तिथवर पोचेना.

पोचतच नव्हतं असंही नाही, आणि घोळ तिथेच झाला. सणावाराला खालचे लोक गावोगाव गेलेले असले, खालचे नळ बंद असले, की टेकाडावर बारीक धार यायची. एरवी नळ कोरडा, नुसता सूं सूं वाजायचा. एक दिवस येतं आणि चार दिवस येत नाही, म्हणजे कोणीतरी मुद्दाम बंद करतं — दुसरं काय समजतील लोक?

आणि बंद-सुरू करणारा माणूस तर सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता. मारोतीभाऊ.

मारोतीभाऊ आमचे चावीवाले. म्हणजे वेळ झाली की रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून तिथल्या वॉलला — व्हॉल्व्हला आमच्याकडे वॉलच म्हणतात — लांब दांड्याची चावी लावून फिरवायची, या वॉर्डाचं पाणी बंद करायचं, त्या वॉर्डाचं सोडायचं. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. सायकलच्या दांड्याला चावी बांधलेली, डोक्याला दुपट्टा. त्यांची मुलगी कल्पना टेकाडावरच दिली होती. जावई सेंट्रिंगच्या कामाला जायचा. लेकीच्या घरी आपल्या हाताने पाणी सोडायचं — किती कौतुकाने सांगायचे ते सुरुवातीला!

तक्रारी वाढल्या तसे एके सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, मी तं पुरी चावी खोलतो जी. तरी काऊन जात नाई पानी वर? माझंच काई चुकून राह्यलं का?"

तोवर मला कळलं होतं. हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढे सोयीस्कर विसरेन. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी रस्त्याच्या मोजमापाचं निमित्त काढून दुर्बीण नेली होती. पुलापासून चढत चढत विहारापर्यंत गेले. जे आधी करायचं होतं ते. वरच्या गल्ल्यांमधली घरं माझ्या टाकीच्या तळापेक्षा जेमतेमच खाली होती. मी अंदाजाने टाकलेल्या उंचीपेक्षा टेकाड कितीतरी उंच. खालचे नळ चालू असताना पाणी तिथे जाणारच नव्हतं. मारोतीभाऊंनीच काय, कोणीही चावी फिरवली असती तरी गेलं नसतं.

हे सगळं माहीत असताना मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "चावी अर्ध्यातच थांबत असेल, भाऊ. नीट शेवटपर्यंत फिरवत जा."

"हो जी," म्हणाले. "आता ध्यान देतो."

त्यांना शंका आली नाही. का यावी? मी इंजिनियर होते. त्यानंतर ते चावी इतक्या जोराने ओढायला लागले की तळहातांना फोड आले. हाताला चिंधी बांधून फिरायचे. मी बघायची. काय वाटायचं मला? लाज वाटायची असं म्हणायला हवं, पण खरं तर मला भीती वाटायची. रोज सकाळी ऑफिसात जाताना एकच — आज कोणी दुर्बीण लावायला सांगेल का?

कोणी सांगितलं नाही. उलट एक दिवस टेकाडावरच्या बाया रिकामे गुंड — पाण्याचे हंडे — घेऊन ऑफिसवर आल्या. आवारात गर्दी, आरडाओरडा. हा माणूस खालच्या लोकांशी मिळालेला आहे, आमचं पाणी त्यांना सोडतो, याला काढा. मारोतीभाऊ भिंतीला टेकून उभे. कोणीतरी त्यांचा दुपट्टा ओढला. मग गर्दीतून कल्पना पुढे आली. कडेवर लहान मूल. तिच्या सासरचे लोक मागे उभे होते — तिला पुढे ढकलली होती की ती स्वतः आली, मला आजही कळलेलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "सगळ्यायसमोर सांगा. आमचंच पानी काऊन तोडता? कोन सांगते तुमाले?"

"कोनी नाई सांगत वो माय. मी पुरी खोलतो." आणि ते माझ्याकडे वळले. "मॅडमले विचारा नं. मॅडमले सारं मालूम आहे. मॅडम, तुमीच सांगा यायले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कल्पनाच्या कडेवरचं मूल नाक ओढत होतं.

मी म्हणाले, "चौकशी करू."

मारोतीभाऊंचा चेहरा मला आठवतो. राग नव्हता त्यावर. ते गोंधळले होते. चौकशी कशाची, असं त्यांना कळत नव्हतं बहुतेक — आणि मग हळूहळू त्यांना वाटायला लागलं की मॅडम असं म्हणतात म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असेल. मी ते त्यांच्या तोंडावर उमटताना बघितलं. कल्पनाने पदर तोंडाला लावला आणि ती गर्दीत मागे गेली.

चौकशी काय होणार होती? त्यांना पाण्यावरून काढलं आणि कोंडवाड्यावर बसवलं. मोकाट गुरं आणून कोंडतात तिथे, गुरांची राखण करायला. नवा माणूस चावीवर आला. पाणी तरीही चढलं नाही, तेव्हा लोक म्हणाले, मारोतीनं जाता जाता वॉलच बिघडवून ठेवला. बघा, कशालाही उत्तर सापडतं लोकांना! मी ते उत्तर तसंच राहू दिलं. मी कधी "हो, त्यांनी बिघडवला" असं म्हणाले नाही. याचाच मी कितीतरी दिवस आधार घेतला — मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाही. बोललेच नाही, हाच तर गुन्हा. पण शब्दांचे असे खेळ मला छान जमायचे.

त्या वर्षी दिवाळीला कल्पना माहेरी आली नाही. मारोतीभाऊंच्या बायकोने मला बाजारात सांगितलं. भाजीच्या पाटीशी उभ्या राहून, हळू आवाजात — "पोट्टी येत नाई जी घरी. सासरचे टोचून बोलतात तिले. बापानं नाव घालवलं म्हनते." मी वांगी निवडत होते. वांगी निवडत राहिले.

मग मी काय केलं? टेकाडासाठी वेगळी टाकी मागितली. कारण काय दिलं? गाव वाढलं. अंदाजापेक्षा फार झपाट्याने वाढलं. वरच्या वस्तीला स्वतंत्र साठवण हवी. सगळं खरंच होतं की! गाव वाढलंच होतं. वाढत्या गावाच्या आड काय काय लपवता येतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. कोणी विचारलं नाही की मुळातच चूक होती का. त्या म्हाताऱ्या सदस्यांनी विचारलं असतं कदाचित. पण ते तोवर अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पहिल्याच सभेत हीच टाकी मागितली होती, हे मी कोणाला आठवूही दिलं नाही.

मंजुरी येऊन टाकी उभी राहीपर्यंत काही वर्षं गेली. तेवढी वर्षं टेकाडावरच्या बाया पुलाखालच्या हापशीवरून पाणी चढवत राहिल्या. तेवढी वर्षं मारोतीभाऊ कोंडवाड्यावर बसले.

टेकाडावर पाणी आलं तेव्हा वस्तीने माझा सत्कार ठेवला. विहारापुढच्या मोकळ्या जागेत मंडप. शाल, श्रीफळ. एका तरुण पुढाऱ्याने भाषण केलं, मॅडमनं वाढत्या गावाची गरज ओळखली म्हणाला. टाळ्या झाल्या. मी शाल घेतली. अंगावर घेऊन बसलेसुद्धा.

आणि आता ते. मी इतका वेळ ज्याच्याभोवती फिरते आहे ते. आळस सांगितला, खोटं बोलले ते सांगितलं, गप्प राहिले ते सांगितलं — हे सगळं सांगता येतं, हे बघा सांगितलं. पण त्या मंडपातलं हे सांगायला जीभ उचलत नाही.

कार्यक्रम उरकल्यावर मारोतीभाऊ मागून पुढे आले. धुतलेला सदरा घालून आले होते. बाजूला कल्पना उभी होती, बापापासून जरा अंतर ठेवून. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, पोरीच्या घरी पानी आलं जी. तुमच्यामुळं आलं." मग मान खाली घातली. "माझ्याच हातानं तो वॉल बिघडला असंल. मले कळलं नाई तवा. एवढ्या बायायचे हाल झाले. माफ करा जी मले."

सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा कधी आली नसती. मंडप रिकामा होत होता. आम्ही तिघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं — भाऊ, तुमचं काही चुकलं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. होतं माणसाकडून. मी मनात ठेवलेलं नाही."

मी त्यांना माफ केलं.

माझ्या चुकीबद्दल मी त्यांना माफ केलं. आणि म्हणताना माझा आवाज किती मायाळू निघाला! कल्पनाला रडू फुटलं. तिने बापाचा हात धरला. मॅडमनं माफ केलं म्हटल्यावर सासरच्यांचंही तोंड मिटलं. पुढच्या दिवाळीला ती माहेरी गेली. गावात लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं.

म्हणजे सगळं जुळून आलं. मग बिघडलं काय? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आणि बरेचदा उत्तर न देता झोपून गेले. लेक परत मिळाली त्यांना, हे खरं. पण ते स्वतः गुन्हेगार ठरून मिळाली. जो गुन्हा त्यांनी केलाच नव्हता, तो कबूल करून त्यांना आपली मुलगी परत घ्यावी लागली. आणि ती किंमत मी मोजायला लावली. शाल पांघरून.

निवृत्त झाले तरी मी त्याच गावात राहिले. गेल्या उन्हाळ्यात कल्पनाच्या मुलाचं लग्न झालं — तेव्हा कडेवर होता तोच. पत्रिका द्यायला ती स्वतः आली. मी गेले. जेवणं चालू होती. कल्पना मला हाताला धरून नव्या व्याह्यांपाशी घेऊन गेली. या आमच्या मॅडम, म्हणाली. टेकाडावर पानी यायनंच आनलं. आणि हसत हसत पुढे — "बाबानं नोकरीत तेवढी एक गोष्ट केली, बाकी साऱ्या जिंदगीत कोनाचं वाईट नाई केलं. पन मॅडमनं सांभाळून घेतलं."

मारोतीभाऊ तिथेच खुर्चीवर बसले होते, नव्या पागोट्यात. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. आता तो घरातला जुना किस्सा झाला आहे. त्यांनी तो व्याह्यांना स्वतःच रंगवून सांगितला — आपण कसा वॉल बिघडवला, आपल्याला कसं कळलंच नाही, बाया कशा गुंड घेऊन आल्या. व्याही हसले. तेही हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तेवढं चुकलंच माझं. नाई का, मॅडम?"

मी हसले. मान हलवली. म्हणाले, किती जुनं काढता, भाऊ.

मग मी जेवले. वाढणाऱ्यांनी आग्रह केला तेव्हा थोडा भात अजून घेतला.

मारोतीभाऊ आहेत अजून. त्यांना नीट ऐकू येतं, सगळं समजतं, माणसं ओळखतात. दुपारी घरासमोरच्या ओट्यावर बसलेले असतात. त्यांचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे, आणि माझे पाय अजून चांगले चालतात. मी गेलेले नाही.